वीस मिनिटांची उसळ

गेल्या महिन्यात एका मंगळवारी धाकटीनं घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो टाकला. पांढऱ्या वाडग्यात काळीभोर उसळ, वर ओलं खोबरं आणि कोथिंबीर, शेजारी भात आणि लिंबाची फोड. खाली तिनं लिहिलं होतं, "ब्लॅक बीन्सची मालवणी उसळ. ऑफिसातून आल्यावर वीस मिनिटांत!" धाकटी न्यू जर्सीत असते. ती नोकरी करते, जावई नोकरी करतात, दोन मुलं शाळेत. आठवड्याच्या मधल्या वारी घरात गरम जेवण झालं याचंच तिला अप्रूप असतं, म्हणून फोटो.

आता फोटोत मागे, ओट्याच्या कडेला, एक उघडलेला टिनचा डबा दिसत होता. आमच्या घराण्याची नजर वाडग्याकडे नंतर जाते, डब्याकडे आधी. थोरल्या जाऊबाईंनी लिहिलं, "छान दिसतेय. पण डब्यातलं का गं? तिकडे काळे वाटाणे मिळत नाहीत का?" त्यावर दोघातिघांचे अंगठे आले. एकानं हात जोडल्याचं चित्र टाकलं, ते का ते मला अजून समजलेलं नाही. धाकटीनं काही उत्तर दिलं नाही.

मी उत्तर लिहायला घेतलं. ते लांबत गेलं. पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. पस्तीस वर्षं मराठी शिकवण्यात गेलेल्या बाईला चार ओळींत आटोपणं जमत नाही, म्हणून इथे लिहिते आहे. (जाऊबाई हे वाचतीलच. वाचा, पण रागावू नका. तुमच्यापेक्षा माझंच जास्त निघणार आहे.)

कारण कबुली आधी मलाच द्यायची आहे. २०१४ च्या उन्हाळ्यात मी पहिल्यांदा धाकटीकडे दोन महिने राहायला गेले होते. तिच्या स्वयंपाकघरातलं कपाट उघडलं तर डब्यांची चळत : काळ्या बीन्स, राजमा, छोले, टोमॅटो. मी म्हटलं, "अगं, आपल्या घरी कधी डब्यातलं खाल्लंय का कुणी? मी नोकरी करून सगळं भिजवून, मोड आणून करत होते." ती त्या वेळी डबा उघडायचं ते चाकाचं यंत्र हातात घेऊन उभी होती. तिनं ते खणात ठेवून दिलं. पुढे दोन महिने माझ्यासमोर तिनं एकही डबा उघडला नाही. रात्री दहाला, लहानग्याला झोपवून झालं की डोळे चोळत यायची आणि कडधान्य भिजत घालायची. मी ते बघत होते, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. वळण लावलं असं वाटत होतं.

असो. त्याकडे येते परत. आधी उसळीबद्दल.

ब्लॅक बीन्स म्हणजे आपले काळे वाटाणे नव्हेत. दोन्ही काळे, पण नात्यातले नाहीत. काळा वाटाणा हा वाटाणाच. वाळला की तपकिरी-काळा, वाटोळा, साल जाड. कितीही शिजवा, अंग धरून राहतो, म्हणून थोडे दाणे मुद्दाम ठेचावे लागतात, तेव्हा कुठे रस्सा मिळून येतो. आमच्याकडे कुडाळ बाजूला त्याचं सांबारं करतात, वड्यांबरोबर किंवा आंबोळ्यांबरोबर. श्रावणात ज्यांचं सामिष बंद असतं त्यांना ते कोंबडी-वड्यांच्या जागी चालतं, आणि काहींना (मला) त्याहून जास्त आवडतं.

ब्लॅक बीन ही घेवड्याच्या जातीतली. आपण ज्याला राजमा म्हणतो, श्रावणात कोवळ्या शेंगा मिळतात तो श्रावणघेवडा, साताऱ्याच्या कोरेगावकडचा तो अंगावर रेघा असलेला वाघ्या घेवडा, ही सगळी एकाच कुळीतली भावंडं. मूळ गाव अमेरिका खंड, मेक्सिको आणि त्याच्या खालचा मुलूख. १४९२ मध्ये कोलंबस तिकडे पोचला आणि त्यानंतरच ही कडधान्यं समुद्र ओलांडून आली. तेव्हा "आपला राजमा आणि त्यांच्या बीन्स" असं जे आपण म्हणतो त्यात फारसा अर्थ नाही. दोघंही पाहुणेच, एक जरा आधी येऊन घरचा झाला.

चवीला ती राजम्याहून लहान आणि मऊ. साल पातळ, आतून दुधाळ पांढरी. शिजली की काळा रंग रश्शात उतरतो, आणि हळद घातली तरी उसळ पिवळी दिसत नाही, जांभळट काळी दिसते. कोरड्या बीन्स भिजवल्या तर पाणी वांग्याच्या रंगाचं होतं. नातवानं त्या पाण्यात लिंबू पिळून दाखवलं मला. पाणी एकदम लालसर गुलाबी! मग चिमूटभर सोडा टाकला तर निळसर. तो विज्ञानाच्या प्रयोगासाठी करत होता, मी आपली उसळीला आमसूल घातल्यावर रंग का बदलतो याचं उत्तर मिळालं म्हणून खूश.

धाकटीची रीत अशी. डबा साधारण सव्वाचारशे ग्रॅमचा. पाणी काढून टाकलं की जेमतेम दीड वाटी बीन्स हाती येतात, म्हणून चौघांना दोन डबे. बीन्स चाळणीत ओतून नळाखाली धुवायच्या, कारण डब्यातल्या पाण्यात मीठ बरंच असतं. तेलात मोहरी, हिंग, कढीपत्ता, मग बारीक चिरलेला कांदा चांगला गुलाबी होईपर्यंत. आलं-लसूण. हळद आणि दीड चमचा मालवणी मसाला, तो माझ्याकडून जातो, दर मे महिन्यात करून वर्षाचा. मसाला तेलात अर्धा मिनिट, जास्त नाही, नाहीतर ठसक्यानं तिकडच्या धुराच्या घंटा वाजायला लागतात (वाजल्या आहेत). मग वाटण. कांदा-सुकं खोबरं भाजून वाटलेलं ती महिन्याचं एकदम करते आणि बर्फाच्या ट्रेमध्ये घालून गोठवते. दोन चौकोन टाकले की झालं. बीन्स, दीड-दोन वाटी पाणी, एक डाव बीन्स भांड्यातच ठेचायच्या, दहा मिनिटं रटरटू द्यायचं. तीन-चार आमसुलं, सुपारीएवढा गूळ. मीठ चाखून मगच, कारण बीन्समध्ये आधीच असतं.

आमसुलाबद्दल एक. कोरडं कडधान्य शिजवत असाल तर आंबट शेवटीच घालायचं, दाणा बोटांनी चेपला जायला लागल्यावर. आधी आमसूल, चिंच, टोमॅटो काहीही घातलं तर साल आखडते आणि तासभर उकळलं तरी दाणा दाणाच राहतो. डब्यातली बीन आधीच मऊ असते, तिला केव्हाही घाला. जड पाण्यानंही तसंच होतं. आमच्या गावच्या विहिरीवर शिजणारे वाटाणे बोअरच्या पाण्यात शिजत नसत, तेव्हा सगळे वाटाण्याला दोष द्यायचे. आणि वाटाणे फार जुने असले तर मात्र दोष खरंच वाटाण्याचा. दमट हवेत वर्ष-दीड वर्ष पडलेलं कडधान्य काही केल्या शिजत नाही, अर्धे दाणे गणंग निघतात.

तर ही उसळ चवीला कशी लागते? चांगली लागते. काळ्या वाटाण्याचा तो मातकट वास तिला नाही, हे जाऊबाईंचं म्हणणं मला मान्य आहे, त्यांनी ते लिहिलं नसलं तरी. पण ती वेगळी उसळ आहे, वाईट नाही. मी २०१९ मध्ये दुसऱ्यांदा गेले तेव्हा सलग तीन मंगळवार मागून खाल्ली.

आता वीस मिनिटं. भांडण खरं तिथे आहे.

डब्यातून उसळ वीस मिनिटांत होते. कोरड्या बीन्स घेतल्या, रात्रभर भिजवल्या, तर कुकरला चार-पाच शिट्ट्या आणि मग हीच कृती, म्हणजे पाऊण तास. भिजवायला विसरलात तर दोन मिनिटं उकळून तासभर झाकून ठेवायच्या, म्हणजे बऱ्यापैकी भिजतात. धाकटीकडे विजेचा कुकर आहे, त्यात न भिजवता अर्ध्या तासात शिजतात असं सांगतात. पण दाब चढायला दहा-पंधरा मिनिटं आणि उतरायला वीस, ती त्या अर्ध्या तासात कुणी धरत नाही. पोरं सहाला "भूक लागली" म्हणतात. त्यांना दाब उतरण्याचं काय!

(एक सावधगिरी, कारण आपल्यातली बरीच मुलं परदेशी आहेत. मंद आचेवर आठ तास शिजवायचं एक विजेचं भांडं तिकडे मिळतं. त्यात कच्चा राजमा किंवा या बीन्स सरळ टाकून कामावर जाऊ नये. या कुळीच्या कच्च्या दाण्यात एक विषारी द्रव्य असतं, राजम्यात सगळ्यात जास्त. ते खळखळून उकळल्याशिवाय जात नाही, नुसत्या कोमट-गरमात राहिलं तर उलट्या-जुलाब होतात. भिजवून, ते पाणी फेकून, अर्धा तास तरी खळखळ उकळावं किंवा कुकरला लावावं. आपल्या कुकरात हा प्रश्नच येत नाही.)

म्हणजे उसळ झटपट होते ती कृतीमुळे नव्हे. कृती सगळ्यांची तीच. झटपट होते ती आदल्या रात्री कुणीतरी आठवण ठेवली म्हणून. डब्याच्या कारखान्यातही निराळं काही नसतं. तिथे बीन्स भिजवतात, डब्यात भरून झाकण घट्ट करतात आणि डब्यासकट दाबाखाली शिजवतात. धाकटीच्या आधी दुसऱ्या कुणीतरी, कुठेतरी, कुठल्यातरी दिवशी तिच्यासाठी आठवण ठेवलेली असते. ती तिनं दोन डॉलर देऊन विकत आणली, इतकंच.

मग जाऊबाईंचा प्रश्न येतो आणि २०१४ मधला माझाही : आम्ही नाही का केलं? नोकऱ्या आम्हीही केल्या.

मी १९७३ मध्ये शाळेत लागले. १९७५ मध्ये लग्न होऊन डोंबिवलीला आले. शाळा दुपारची, साडेबारा ते सहा, आणि मला गाडीनं जावं लागे. वह्यांचा गठ्ठा घेऊन घरी पोचायला सात वाजत. आले की पदर खोचायचा, कुकर लावायचा. आठ-सव्वाआठला पानं. पानात उसळ ठरलेली, सोमवारी मटकी, मंगळवारी वाटाणे किंवा चवळी, असं. शाळेत सहकारी बाई म्हणायच्या, "तुम्ही सगळं कसं सांभाळता हो! आम्हाला तर उसळ रविवारशिवाय होत नाही." मी म्हणायची, "त्यात काय, अर्ध्या तासाचं काम." आणि खरंच अर्ध्या तासाचं असायचं. मी ते हाताच्या गुणावर घातलं होतं.

सासूबाई आमच्याकडेच होत्या. मितभाषी. चौथीपर्यंत शिकलेल्या. स्वयंपाकघर मी आल्यावर त्यांनी माझ्या ताब्यात दिलं आणि नंतर लुडबूड केली नाही, हे मी कितीदा तरी लोकांना कौतुकानं सांगितलेलं आहे. रात्री सगळ्यांची जेवणं झाली, मागचं आवरलं की मी वह्या घेऊन बसायची. त्या वेळी त्या एक पितळेचं भांडं घेऊन डब्यांपाशी जायच्या. पसाभर वाटाणे किंवा मटकी, निवडून, तीनदा धुऊन, पाणी घालून, वर ताटली. सकाळी उपसून फडक्यात बांधायच्या. ते भांडं ओट्याच्या उजव्या कोपऱ्यात असायचं. मी संध्याकाळी आले की त्यात हात घालायची. बारा वर्षं मी त्यात हात घालत होते आणि ते कुणी भरलं हा प्रश्न मला पडला नाही. नळ सोडला की पाणी येतं, तसं.

१९८७ च्या नोव्हेंबरात त्या गेल्या. तेरावं झालं, पाहुणे पांगले, माझी रजा संपली. शाळेचा पहिलाच दिवस, मंगळवार. सातला आले, पदर खोचला, कुकरमध्ये पाणी घातलं आणि सवयीनं उजव्या कोपऱ्यात हात घातला.

भांडं होतं तिथेच. पालथं.

त्या दिवशी पिठलं केलं. बुधवारीही पिठलं केलं. रात्री वह्या तपासताना साडेदहाला मनात यायचं की काहीतरी करायचं राहिलंय, पण काय ते सकाळी कळायचं. पुढचे कितीतरी महिने उसळ रविवारशिवाय झाली नाही. धाकटी तेव्हा आठ वर्षांची होती. ती ताटावर बसून म्हणायची, "आज परत पिठलं?" मी तिच्यावर ओरडायची. हळूहळू मलाही सवय लागली, मी कॅलेंडरवर पेन्सिलीनं लिहायला लागले, पण सासूबाई होत्या तेव्हासारखं रोजच्या रोज कधीच जमलं नाही. निवृत्त होईपर्यंत नाही.

म्हणजे २०१४ मध्ये मी लेकीला जे ऐकवलं, "मी नोकरी करून सगळं भिजवून", ते धादांत खोटं होतं. मी शिजवत होते. भिजवत दुसरीच बाई होती. माझ्याकडेही तयार डबा होता, फक्त तो पितळेचा होता आणि त्याचे मी पैसे दिले नव्हते.

हे मला कळायला इतकी वर्षं लागली, आणि कळलं तेही आमच्या ह्यांच्यामुळे. २०२१ मध्ये पावसाळ्यात मी जिन्यावरून घसरले, पायाचा घोटा मोडला. दीड महिना प्लॅस्टर. स्वयंपाक ह्यांच्याकडे आला. बँकेत आयुष्य गेलेला माणूस, सगळं मोजून करणार. मी पलंगावरून सांगायची, हे करायचे. पहिल्या आठवड्यात काळ्या वाटाण्याची उसळ झाली आणि उत्तम झाली, खोटं कशाला बोलू. झालं! येणाऱ्या-जाणाऱ्याला हे सांगायला लागले, "उसळ म्हणजे काही नाही हो, पंचवीस मिनिटं. मी घड्याळ लावून बघितलं." शेजारच्यांना सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, फोनवर माझ्या भावाला सांगितलं.

मी पलंगावर पडल्यापडल्या ऐकत होते. रोज रात्री नऊला "वाटाणे भिजत घातलेत का?" असं विचारणारी मी होते. मला वाटलं, हा माणूस हुबेहूब माझ्यासारखं बोलतोय. "त्यात काय, अर्ध्या तासाचं काम."

मग मी एक केलं, थोडा दुष्टपणाच म्हणा. आठवण करणं बंद केलं. आठ दिवस घरात एकही उसळ झाली नाही. तिसऱ्या दिवशी ह्यांनी आश्चर्यानं विचारलं, "आज मटकी नाही का?" जणू मटकी आपण होऊन बरणीतून उतरून पाण्यात बसते! नवव्या दिवशी मी सगळं सांगितलं, सासूबाईंच्या भांड्यासकट. आईचं नाव निघाल्यावर हे गप्प झाले. ते त्याच घरात वाढलेले, त्यांनीही ते भांडं माझ्यापेक्षा जास्त वर्षं पाहिलेलं.

केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानं २०१९ मध्ये देशभर पाहणी केली होती, लोक दिवसाचा वेळ कशात घालवतात याची. घरातल्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात आणि तेच काम करणाऱ्या पुरुषांचे ९७. २०२४ मध्ये पुन्हा पाहणी झाली, तेव्हा आकडे २८९ आणि ८८ आले. लोक हे आकडे वाचून हळहळतात. मला त्यात दुसरंच दिसतं. भिजत घालायला एक मिनिट लागतं. ते २८९ मध्ये एक म्हणून धरलं जाईल. पण उद्या मंगळवार आहे, घरात कोण कोण जेवायला आहे, धाकट्याला चवळी चालत नाही, मटकी परवाच झाली, वाटाण्याची बरणी तळाला गेली, हे सगळं जे डोक्यात चाललेलं असतं, रस्त्यानं चालताना, वर्गात शिकवताना, ते कुठल्या रकान्यात लिहिणार? माणूस काम वाटून घ्यायला तयार असतो. "सांग ना, काय करू?" म्हणतो. ते सांगणं हेच तर निम्मं काम आहे.

म्हणून माझं म्हणणं असं आहे, आणि ते जरा ठामपणे मांडते. पाककृतीवर "वेळ : २० मिनिटं" असं लिहिणाऱ्यानं आदल्या रात्रीचं कोण बघणार तेही लिहावं. डब्यातली बीन ही आळशीपणाची खूण नाही. ज्या घरात आठवण ठेवायला तिसरं माणूस नाही, त्या घराची ती सोय आहे. तिच्या मिठाबद्दल बोला, किमतीबद्दल बोला. इथे डोंबिवलीत मी डबा आणणार नाही, कोपऱ्यावर वाटाणे मिळतात आणि मला दिवसभर वेळ आहे. पण "आम्ही नाही का केलं" हे मात्र बोलू नये. निदान आपलं भांडं कोण भरत होतं ते आठवून मग बोलावं.

एक दुसरी बाजूही आहे, ती धाकटीनंच मला दाखवली. तिच्या ऑफिसात एक मेक्सिकोची बाई आहे. तिच्याकडे या बीन्स हेच रोजचं अन्न, आपल्या वरणासारखं. ती डबा आणत नाही आणि भिजवतही नाही! रविवारी मोठ्या भांड्यात कोरड्या बीन्स, कांदा, लसूण आणि एपासोते नावाचा उग्र वासाचा पाला घालून दोन-तीन तास मंद आचेवर, उकळत ठेवते. पहिल्या दिवशी रश्शासकट वाडग्यात. दुसऱ्या दिवशी त्याच भातावर. तिसऱ्या दिवशी उरलेल्या ठेचून चरबीत किंवा तेलात परततात, त्याला "फ्रिहोलेस रेफ्रितोस" म्हणतात. मला वाटलं होतं "री" म्हणजे पुन्हा, पुन्हा तळलेल्या. तर नाही. तिकडच्या बोलीत ते "चांगलं खरपूस, भरपूर" अशा अर्थी लागतं. इंग्रजीत मात्र त्याचं नाव पडलं ते पुन्हा तळल्याचंच. भाषांतरात असं होतं. (मराठीच्या बाईला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.)

तेव्हापासून धाकटी शनिवारी अर्धा किलो बीन्स भिजवते. म्हणजे ती नाही, जावई भिजवतात, शुक्रवारी रात्री कचऱ्याचा डबा रस्त्याकडेला नेऊन ठेवतात त्याच फेरीत. कचरा ते विसरत नाहीत, म्हणून बीन्सही विसरत नाहीत. शिजवून दीड-दीड वाटीच्या पिशव्या करून गोठवायच्या. एक पिशवी म्हणजे एक डबा. सोमवारी मालवणी उसळ. बुधवारी त्याच बीन्स कोरड्या परतून, जिरं, धणेपूड, लसूण घालून, मेक्सिकन पोळीत कांदा-कोथिंबीर-लिंबाबरोबर. उरलं तर ठेचून, उकडलेला बटाटा मिसळून, पोरांच्या डब्यात टिक्की. गोडा मसाला घालूनही करून पाहिली तिनं, ती मला फोटोतसुद्धा आवडली नाही. घेवड्याला गोडा मसाला शोभतो, पण या बीनचं अंग जड आहे, तिला तिखटजाळच हवं.

आणि पिशव्या संपल्या की डबा. फोटोतला तो मंगळवार असाच होता.

आमच्याकडे आता काय चालतं तेही सांगते. हे रात्री साडेनवाला रक्तदाबाची गोळी घेतात, आजवर एकदाही चुकलेली नाही. मी वाटाण्याची, मटकीची, चवळीची बरणी उचलून त्यांच्या गोळ्यांच्या डबीशेजारी नेऊन ठेवली. सासूबाईंचं पितळेचं भांडंही तिथेच. गोळी घ्यायची, पाणी प्यायचं, उरलेलं पाणी भांड्यात. कुठलं कडधान्य ते त्यांनीच ठरवायचं, मी विचारत नाही आणि सांगत नाही. त्यामुळे कधीकधी सलग तीन दिवस चवळी होते. खाते.

रविवारी धाकटीचा फोन आला तेव्हा मी तिला म्हटलं, "२०१४ मध्ये मी डब्यावरून तुला बोलले होते. ते खरं नव्हतं. भिजवायची आजी."

ती थोडा वेळ गप्प. मग हसायलाच लागली. म्हणाली, "आई, तुला एअरपोर्टवर सोडून घरी आले ना, त्याच रात्री मी एक डबा फोडला."

"उसळ केलीस?"

"उसळ कुठली! ओट्यापाशी उभ्याउभ्या, चमच्यानं, तशाच खाल्ल्या."